थेंबसुद्धा नको

५ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टर म्हणाले, डोकं तापलं की बोलू नका, वहीत लिहून काढा, बीपी आटोक्यात राहील. वत्सला, माझी बायको, त्याच संध्याकाळी वही घेऊन आली. माझ्या गोळ्या आणायला ती चार दिवस लावते. तर लिहितो.

आज भीमपोरला गेलो. नवागामहून भीमपोर म्हणजे सुरतच्या या टोकाहून त्या टोकाला, दोन बस आणि वर शटल रिक्षा. तिथे साक्षीचं सासर. जावई जिग्नेश मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ घरी नसतो. घरात साक्षी आणि तिचे सासरे रमणभाई टंडेल, आणि खाडीत त्यांची होडी. या होडीत मागून पाणी येतं. इंजिनाचा शाफ्ट लाकडातून बाहेर पंख्यापर्यंत जातो, तिथे पितळेचा ग्लँड असतो, विहिरीवरच्या पंपाला असतो तसाच. ग्लँडमध्ये चरबीत भिजवलेली दोरी भरायची आणि नट आवळायचे, म्हणजे शाफ्ट फिरतो पण पाणी आत येत नाही. ती दोरी कुजली आहे. काम एवढंच. पण मासेमारी सुरू व्हायला आलीय, गावातले मिस्त्री मोठ्या बोटींवर अडकलेत, आणि होडी खाडीच्या वरच्या अंगाला चिखलात रुतलीय. रोजच्या भरतीला तिचा पंखा तेवढा भिजतो. तिला उचलायला पुनवेचं पाणी लागतं.

रमणभाईंचा उजवा खांदा निकामी झालाय आणि इंजिनावरचा माणूस दुसरीकडे निघून गेला. त्यांनी साक्षीला सांगून टाकलंय, पुनवेला होडी निघाली तर इंजिन तू सांभाळ, नाही निघाली तर विकून टाकू. घेणारा तयारच आहे.

मी म्हटलं, दोरी मी बदलतो. छत्तीस वर्षं लिंबायतच्या कारखान्यात सांचे, म्हणजे पॉवरलूम, दुरुस्त केले, एका शाफ्टचं काय घेऊन बसलात. रमणभाईंनी हात जोडले. "वेवाई, तुम्ही हाथ लगाडशो?" वेवाई म्हणजे व्याही. मुलीच्या बापाला इतका मान कोण देतं? बरं वाटलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

चिखलानं एक चप्पल गिळली. ओहोटीला होडीखाली शिरलो, तर वरून पाऊस. रमणभाई चांगल्या हातात छत्री धरून माझ्या डोक्यावर उभे. नको म्हटलं तर ऐकत नाहीत. छत्रीची काडी कानात जात होती, पण व्याह्याला काय बोलणार. जुनी दोरी आकड्यानं ओढून काढली. गटारातल्या बोळ्यासारखी निघाली.

घरी आलो तर वत्सला म्हणते, "लेकीच्या सासरी काम करून आले अन् इथं काहून तनतन करता? तुमाले कोनं बलावलं होतं?" कोणी बोलावलं नव्हतं हे खरं आहे. ते सांगायची गरज नव्हती.

८ ऑगस्ट, गुरुवार

दुकानदारानं सुती दोरी गळ्यात मारली. परत गेलो. म्हणाला, काका, सगळे हीच नेतात. मी म्हटलं, म्हणूनच सगळ्यांच्या होड्या बुडतात. भांडण झालं. चरबीची दोरी आत गोदामात होतीच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दोरी भरली. शाफ्टभोवती एकेक वेढा नीट कापून, सांधा एकावर एक येऊ न देता. असं काम आता कोणी करत नाही. संध्याकाळी भरती आली, पंखा बुडाला, आणि ग्लँडमधून पाणी ठिबकायला लागलं. एक थेंब, मग जरा थांबून दुसरा. पान्यानं दोन्ही नट आवळले. थेंब बंद. हात फिरवून पाहिला, ग्लँड कोरडा ठणठणीत.

रमणभाई वाकून बघत होते. "सरस," म्हणाले. मग खाडीकडे बघत म्हणाले, "होडी छे, वेवाई. थोडी तो रडे."

होडी आहे, थोडी रडणारच. याला मी आळस म्हणतो. सांच्यावर तेलाचा एक थेंब कापडावर पडला की अख्खा ताका डागी ठरतो आणि कारीगराची मान खाली जाते. माझ्या हाताखालच्या सांच्यांनी थेंब पाडला नाही. रडणारी होडी मला चालणार नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

आज गेलो तर थेंब चालू. नट पाहिले, सैल. काल मी अंगातली ताकद लावून आवळले होते. पुन्हा आवळले. पितळ जुनं आहे, आटे झिजले असणार.

साक्षी चहा घेऊन आली तेव्हा तिच्या ओढणीला ग्रीसचे डाग. म्हटलं, घरकाम करताना जरा बघत जा, बी. कॉम. झालेली मुलगी तू. ती हसली. या वयात मुलींना कशाचंही हसू येतं.

११ ऑगस्ट, रविवार

पुन्हा सैल! डोक्यात तिडीक गेली. कारखान्यात आम्ही नटावर रंगाची रेघ मारायचो, अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट हलला की रेघ तुटते, चोरी पकडली जाते. रंग नव्हता. साक्षीनंच नेलपॉलिशची बाटली आणून दिली, लाल. आवळून रेघा मारल्या. आता बघू.

१२ ऑगस्ट, सोमवार

मला वेड लागेल. रेघ जिथल्या तिथे, सरळ, आणि थेंब पडतोच आहे. रेघ उलट कालच्यापेक्षा ठसठशीत दिसते, ओल्या हवेनं नेलपॉलिश फुगत असेल. म्हणजे नट हललेला नाही, दोरीच आत बसतेय. पुन्हा आवळलं, पुन्हा रेघ मारली. रमणभाईंना समजावून सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि मला भजी खायला घातली. भजी खाऊन पित्त झालं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

अष्टमीचं पाणी उथळ, पंख्यापर्यंतही आलं नाही. त्यामुळे थेंब नाही. आज बरा दिवस गेला.

घरी बसून विचार केला. वहीतच लिहायचं तर खरं लिहावं. होडी विकली गेली तर मला वाईट वाटणार नाही. रमणभाई मग त्यांच्या मोठ्या मुलीकडे बिलीमोऱ्याला जातील, आणि जिग्नेश येईपर्यंत साक्षी इथे, नवागामला राहील. एखाद्या ऑफिसात लागेल. आमच्या सोसायटीतल्या मुली पंख्याखाली बसून कॉम्प्युटरवर काम करतात, आणि माझी मुलगी समुद्रात इंजिनाला हँडल मारणार. लोक विचारतात साक्षी काय करते, मी म्हणतो, सासरी असते.

हे वत्सलाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मंग ते ग्लँड कायले दुरुस्त करता? जाऊ द्या बुडू." हिला सरळ बोलायला कधी जमलं नाही. काम हातात घेतलं की नीट झालंच पाहिजे. होडी विकली गेली तरी माझ्या दोरीमुळे विकली गेली असं कोणी म्हणता कामा नये.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मासेमारी आज उघडली. ज्यांच्या होड्या खोल पाण्यात होत्या त्या झेंडे लावून निघाल्या. रमणभाई पायरीवर बसून एकेका होडीचं नाव घेत होते, जसं कोणी लग्नात वऱ्हाड मोजतं. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, घेणारा पुनवेला येणार आहे, होडी पाण्यात चालताना बघणार आहे. मी विचारलं, तुमच्या मनात काय आहे? ते म्हणाले, वहू म्हणते ठेवा. वहू म्हणजे साक्षी. "इंजिननो अवाज एने समजाय छे," म्हणाले. इंजिनाचा आवाज तिला कळतो म्हणे. गावातले लोक हसतात, बाई कधी होडीवर जाते का. पण त्यांच्या घरात इंजिन कळणारं माणूस एवढं एकच उरलंय.

निघताना मला "जय भीम" म्हणाले. साक्षीनं शिकवलं असेल. मी "जय श्रीकृष्ण" म्हणून टाकलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

पाणी वाढलं आणि थेंब हजर. आता मात्र साक्षीवर ओरडलो, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, एकदम सुकं आवळलं तर शाफ्ट गरम होतो. थोडं पाणी तर यायलाच पाहिजे ने. त्यानंच तो थंड राहतो."

मी म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी शाफ्ट बघतोय. सांच्याला पाणी लागतं का? तेल लागतं. ते मी घातलंय, ग्रीस भरलंय. ती परत काही बोलणार होती तर आतून रमणभाईंनी तिला दटावलं, "वेवाईने शिखवाडाय नहीं, बेटा." व्याह्यांना शिकवायचं नसतं. खानदानी माणूस. साक्षी कपबशा उचलून आत गेली.

बसमध्ये उभ्यानं आलो. पाय सुजलेत.

१८ ऑगस्ट, रविवार

ठरलं. दोन लॉकनट आणले, नट सुटू नये म्हणून वर बसवायचे, आणि नटावर लावायचा निळा गोंद, लावला की तासाभरात दगड होतो, मग पान्यानं सुटत नाही, आगीनं सोडवावं लागतं. उद्या सकाळी कोणाला न सांगता लावणार. रोज रोज तोच तमाशा. उद्या घेणारा बघू दे, नाही तर कोणीही बघू दे, ग्लँड कोरडाच दिसेल.

१९ ऑगस्ट, सोमवार, पौर्णिमा

आज लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

सकाळी लवकर पोचलो, ओहोटी होती, गोंद लावून लॉकनट बसवले. कोणी पाहिलं नाही. दुपारी पाणी चढलं. वत्सलाही आली होती. रमणभाईंनी खाडीला नारळ वाहिला. घेणारा पांढऱ्या गाडीतून उतरला, गॉगल लावून काठावर उभा राहिला. होडी हलली, डोलली आणि चिखलातून सुटली. मी आत उतरून ग्लँडला हात लावला. थेंबसुद्धा नाही. वर येऊन रमणभाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा जरा विचित्र झाला. त्यांनी साक्षीकडे पाहिलं, साक्षीनं खाली पाहिलं. मला वाटलं, कौतुक करायला लाजतात.

साक्षीनं हँडल मारलं, इंजिन लागलं. रमणभाई सुकाणूवर, मी मध्ये फळीवर. खाडीच्या वळणापर्यंत मजेत गेलो. मग वास आला. पट्टा जळतो तसा. मग धूर. इंजिन कण्हायला लागलं आणि गचका देऊन बंद पडलं. भरती संपली होती, पाणी उलटं फिरून समुद्राकडे ओढायला लागलं होतं. रमणभाईंनी एका हातानं नांगर टाकला.

साक्षी खाली उतरली. तिच्या कमरेला पाना खोचलेला होता, नेमका त्या नटाच्या मापाचा. तिनं जोर लावला, पुन्हा लावला. मग मान वर करून म्हणाली, "पप्पा, आज नट फिरत नाहीत."

मी म्हटलं, "आज म्हणजे?"

ती खाली वाकली. डब्यानं ग्लँडवर पाणी ओतायला लागली, चर्र आवाज होऊन वाफ निघाली. तिच्या ओढणीला तेच ग्रीस, आणि मी नटावर मारायचो त्या लाल नेलपॉलिशचा डाग तिच्या अंगठ्यावर. मी रोज आवळून जात होतो आणि ही रोज सैल करत होती, वर रेघही मारत होती. राग आला. खूप राग आला. पण रागावायला जागाच नव्हती, धूर माझ्या नटांमधून येत होता.

रमणभाई सुकाणू बांधून आले, वाकले, आणि दोन्ही लॉकनट बोटांनी चाचपले. निळा गोंद नखानं खरवडून पाहिला. त्यांना कळलं. मला दिसलं की त्यांना कळलं. ते परत सुकाणूवर जाऊन बसले. पुढे एका होडीनं दोर टाकून आम्हाला काठावर ओढत आणलं.

घेणारा हसतच पुढे आला. म्हणाला, शाफ्ट वाकडा आहे, अशा जुन्या होडीचं असंच असतं, लाकूड बसतं, शाफ्टची लाइन जाते, आता ठेवून उपयोग नाही. रमणभाई म्हणाले, "हा, जूनी थई गई." होडी म्हातारी झाली. "लई जाव." घेऊन जा.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. या माणसानं आत्ता नट चाचपले होते. होडीला काही झालेलं नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी ते होडी द्यायला निघाले होते, का, तर चार लोकांत व्याह्याची चूक सांगायची नाही म्हणून. साक्षीकडे पाहिलं, तर ती चिखलात उभी राहून पाना पुसत होती. तीही सांगणार नव्हती. बापाला परक्या माणसासमोर खाली बघायला लावणार नव्हती. असला मान देऊन माणसाला जिवंत गाडतात हे लोक.

मी गप्प बसलो असतो तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं. साक्षी दिवाळीच्या आत नवागामला आली असती. मला कोणी विचारलंही नव्हतं. गॉगलवाल्यानं होडीच्या लाकडावर हात आपटला, घर घेतल्यासारखा, आणि साक्षीनं तोंड फिरवलं. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "शाफ्ट सरळ आहे. होडी चांगली आहे. मी आवळलं."

त्याला कळलं नाही. म्हणून गुजरातीत सांगितलं, पाणी यायला हवं होतं ते मी बंद केलं, वरून गोंद लावला, ही पोरगी आठवडाभर माझी चूक निस्तरत होती, आज तिला निस्तरता येऊ नये अशी मी केली. घाटावरची माणसं ऐकत होती. कोणीतरी हसलं. हसू दे. माझे कान तापले होते, बीपी किती झाला असेल देव जाणे, म्हणजे डॉक्टर जाणे.

रमणभाई उठले. माझ्याकडे न बघता त्या माणसाला म्हणाले, "तो पछी होडी नथी आपवी." मग होडी द्यायची नाही. तो म्हणाला, आत्ता तर न्या म्हणालात. रमणभाई म्हणाले, आत्ता शाफ्ट वाकडा होता. एवढं बोलून त्यांनी साक्षीला नट तापवायला स्टोव्ह आणायला पाठवलं.

स्टोव्ह आणून ठेवल्यावर साक्षीनं मला विचारलं, "पप्पा, चहा घेणार?" मी म्हटलं, सांगायचं होतं मला. ती म्हणाली, "सांगितलं होतं." हे खरं आहे. पण ओरडून सांगायला काय झालं होतं?

परतताना वत्सला माझ्या शेजारी बसली, एरवी ती बायकांच्या सीटवर जाते. काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

२१ ऑगस्ट, बुधवार

पुनवेनंतर दोन दिवस पाणी मोठंच असतं म्हणे. हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सांगतच नाहीत काही, विचारावं लागतं.

शाफ्टवर ओरखडे होते, वरवरचे. साक्षीनं काल पॉलिशपेपरनं घासून काढले आणि नवी दोरी स्वतः भरली. मी वेढे कापून देत होतो. सांधे तिनं बरोबर फिरवून बसवले, एकदाच चुकली, मी बोललो, तिनं ऐकलं. नट तिनंच आवळले, बोटांनी, मग पान्यानं जरासे. इतके सैल मी जन्मात सोडले नसते. मी काठावर जाऊन उभा राहिलो, कारण जवळ थांबलो असतो तर हात गेला असता.

दुपारी भरती भरली. रमणभाई म्हणाले, वेवाई, बसा होडीत. मी म्हटलं, नको, परवाचं पुरे झालं. ते हसले. व्याह्यांसमोर ते असे दात दाखवून पहिल्यांदाच हसले. खांदा धरून सुकाणूवर बसले. साक्षीनं ओढणी कमरेला बांधली, हँडल मारलं. रात्रभर जाळं टाकून उद्याच्या भरतीला परत येतील. मुलगी रात्रभर समुद्रात आणि मी इथे वही घेऊन बसलोय, वत्सला शेजारी घोरतेय. हिला झोप कशी लागते?

होडी वळणापाशी गेली तेव्हा घाटावर माझ्या शेजारी एक म्हातारा टंडेल येऊन उभा राहिला, जाळ्याचा गठ्ठा खांद्यावर. डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाला, रमणच्या होडीत इंजिनावर कोण आहे?

मी म्हटलं, "माझी मुलगी."

खाडीत दुसऱ्या दोन होड्यांची इंजिनं धडधडत होती, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कान पुढे केला. मग मी मोठ्यानं परत सांगितलं.